पाण्याला ओढ आहे

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिकच्या गोदाघाटावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : “पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नका.” पाणी खोल किती, गढूळ किती, हे नंतर. आधी ओढ. काठावरून ती नीट दिसत नाही, पाय टाकला की कळते.

डोपामिनबद्दल मराठीत लिहायचं तर याच शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. पुरवण्यांमध्ये आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. डोपामिन आनंद देत नाही, ते ओढतं. हात ताटाकडे जातो, पाय दाराकडे वळतो, मन पुढच्या घोटाकडे धावतं, त्या सगळ्यामागे हे असतं. अंगाची हालचाल आणि मनाची इच्छा या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मेंदूत त्या एकाच रसायनाच्या शेजारशेजारच्या वाटा आहेत. म्हणून ते कमी पडलं की हात मंदावतो आणि मनही, आणि औषधाने ते वाढवायला गेलं तर कधी हात सुटतो पण मन भलतीकडे धावतं.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या मध्यमेंदूत बसून डोपामिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम ४ ते ६ लाख. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती १४ लाखांच्या पुढे होती, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. डाळी, दही, अंडी यांतून मिळणाऱ्या टायरोसिनपासून आधी एल-डोपा आणि मग डोपामिन, अशी दोन पायऱ्यांची ही बनावट. ते मेंदूतच बनावं लागतं. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, मध्ये पडदा आहे.

हा पडदा लक्षात ठेवला तर बऱ्याच गप्पा तिथेच निकालात निघतात. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की ‘थंड पाण्याने अंघोळ करा, डोपामिन अडीच पट वाढतं’ असे संदेश फिरू लागतात. रामकुंडावर पहाटे डुबकी मारणाऱ्यांना त्याचं शास्त्रीय प्रमाणपत्रही देऊन टाकतात. ज्या प्रयोगावरून हे निघालं तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात तरुण पुरुष १४ अंशांच्या पाण्यात मान वर ठेवून एक तास बसले होते आणि डोपामिन २५० टक्क्यांनी वाढलं ते त्यांच्या रक्तात. मेंदूतलं कोणी मोजलं नव्हतं. डुबकीनंतर तरतरी येते ती खरीच, पण तिचा मोठा वाटा नॉरॲड्रेनलिन या वेगळ्या रसायनाचा. ज्याला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्याने या आकड्याच्या भरवशावर जानेवारीच्या पहाटे कुंडात उतरू नये.

ओढ मोजायची कशी? नाशिककर पूर मीटरवर मोजत नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. खूण आधीच मनात असते, बातमी असते ती खुणेच्या वर की खाली एवढीच. डोपामिनच्या पेशी हेच करतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत सूक्ष्म तार घालून या पेशींची टकटक ऐकली. एरवी त्या सेकंदाला चार-पाच वेळा धडकतात. न सांगता फळांचा रस मिळाला की एकदम उसळतात. मग रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांत उसळी रसावरून सरकून दिव्यावर आली. रस मिळाला तरी पेशी शांत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर बरोबर त्या क्षणी टकटक थांबली. १९९७मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी त्याचं गणित मांडलं : पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक मोजतात.

रविवारच्या मिसळीला हे तंतोतंत लागू पडतं. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा घासाला उसळी होती. पुढच्या चार रविवारी ती तर्रीच्या वासावर आली, नंतर गंगापूर रोडच्या वळणावर, आणि नंतर शनिवारी रात्री मित्राच्या “उद्या जायचं का?” या मेसेजवर. ताट समोर येतं तोवर या पेशींचं काम झालेलं असतं. मटकीची उसळ, वर फरसाण, बाजूला दही, पापड, आणि कधी न मागता आलेली गरम जिलबी. जिलबीवर पेशी पुन्हा उसळतात, कारण ती हिशेबात नव्हती. आणि हॉटेल बंद निघालं तर जी चिडचिड होते ती भुकेची कमी, मारुतीच्या खुणेखाली गेलेल्या पाण्याची जास्त.

मग मिसळीची चव? ती वेगळ्या यंत्रणेची, मेंदूतल्या नैसर्गिक अफूसारख्या रसायनांची. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी उंदरांमधलं डोपामिन जवळजवळ संपवून जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, तर उंदीर पूर्वीसारखेच ओठ चाटत होते. आवडत होतं. पण समोर खाणं असूनही उठून तिथवर जात नव्हते, भरवलं नाही तर उपाशी मेले असते. आवड शाबूत, ओढ गेलेली. घरातला एखादा माणूस ‘आवडतं, पण उठवत नाही’ असं म्हणतो तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हा उंदीर आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

उलट टोक म्हणजे आवड संपलेली आणि ओढ तेवढी उरलेली. ते पाहायचं तर सातपूर एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटबाहेर पाहावं. पुडी निघते, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू पडते, डबीतला चुना नखाने घेतला जातो, उजवा अंगठा मळायला लागतो, दोन टाळ्या, धूळ उडते, आणि बार खालच्या ओठामागे जातो. यातला चुना चवीसाठी नसतो. चुन्याने थुंकी अल्कली होते, अल्कलीत निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटपट रक्तात जातं. तिथून मेंदूत, आणि मध्यमेंदूतल्या त्याच काही लाख पेशींवर. निकोटिन पडदा सहज ओलांडतं, ही त्याची खरी ताकद. काही वर्षांनी उसळी निकोटिनवर राहतच नाही, ती गेटच्या भोंग्यावर, मित्राच्या पुढे केलेल्या तळहातावर, अंगठ्याच्या हालचालीवर जाऊन बसते. म्हणून सोडलेला माणूस घरी टिकतो आणि गेटवर पडतो. त्याला मनाचा कच्चा म्हणू नये. त्याचा दिवा गेटवर लागतो.

सोडणाऱ्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर ४चं, नाहीतर २चं. बहुतेकांचं ते फसतं, कारण ते चिंगमसारखं चघळत राहतात. तसं केलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही, आणि ‘गमने काही होत नाही’ म्हणून पुन्हा पुडी. हळू चावायचं, मिरमिर लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. अर्धा तास असं. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबूसरबत नाही, फक्त पाणी. चहाने तोंड आंबट होतं, आणि चुन्याने जे साधत होतं त्याच्या बरोबर उलट होतं. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण, मग तीन-चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत गेटच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडणं हा उपदेशापेक्षा चांगला इलाज आहे.

मोबाइलचं फार लांबवत नाही. पुढचं रील चांगलं निघेल की रटाळ हे ठरलेलं नसतं, ओढ असते ती त्याचीच. २००३मध्ये शुल्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशी सर्वाधिक जाग्या राहतात. यावर ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचा उपवास निघाला आहे. डोपामिन हे काही धुऊन काढायचं विष नव्हे, ते पूर्ण गेलं तर माणूस पापणीही धड हलवणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपणं चांगलंच, पण त्याने रसायन घटत नाही, दिवा डोळ्याआड होतो.

डोपामिन खरंच कमी पडतं तेव्हा काय होतं, ते पाहायला नाशिकचं गोल्फ क्लब मैदान पुरेसं आहे. पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांचे हात पाहा. दोन्ही हात पायांच्या लयीत मागे-पुढे होतात. एखाद्याचा एकच हात कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटलेला असतो. बऱ्याचदा कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, पहिली उघड खूण हीच, आणि निदान मात्र ‘खांदा आखडलाय’ असं होऊन सहा महिने शेक घेण्यात जातात. अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं, आणि बँकेत सही जुळत नाही. याच्याही कित्येक वर्षं आधी फोडणीचा वास येईनासा झालेला असू शकतो, बद्धकोष्ठ सुरू झालेलं असतं, झोपेत स्वप्नातल्या मारामारीत खऱ्याखुऱ्या लाथा बसत असतात. एकट्या बद्धकोष्ठाने कोणी घाबरू नये, पण तिन्ही एकत्र दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. हालचाल मंदावल्याचं लक्षात येतं तोवर मध्यमेंदूत डोपामिन बनवणाऱ्या काळसर पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात.

या आजाराच्या औषधाची गोष्ट आपल्या सर्पगंधेपाशी सुरू होते. तिच्या मुळांतून वेगळं काढलेलं रेझर्पिन रक्तदाबासाठी जगभर वापरलं जाऊ लागलं होतं. स्वीडनमध्ये आर्विड कार्ल्सन यांनी ते सशांना दिलं, ससे कान पाडून निश्चल पडले. मग एल-डोपा टोचलं, आणि काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. साल १९५७. त्यातून डोपामिनचं मोल कळलं, २००० साली नोबेल मिळालं. १९६०मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन खूप घटलेलं दाखवलं, १९६७मध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी एल-डोपा तोंडाने मोठ्या मात्रेत देऊन चालतं हे सिद्ध केलं. आजची गोळीही तीच, एल-डोपा म्हणजेच लेव्होडोपा.

या गोळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घराघरांत ती चुकीची घेतली जाते. लेव्होडोपा पडदा ओलांडतं, डोपामिन ओलांडत नाही. पण वाटेतच, आतड्यात आणि रक्तात, बहुतेक लेव्होडोपाचं डोपामिन होऊन जातं. ते मेंदूच्या उपयोगाचं नाही, वर उलट्या करवतं. म्हणून सोबत कार्बिडोपा घालतात, ते वाटेतली ही गळती रोखतं. केमिस्टच्या भाषेत ‘एकशे दहा’ आणि ‘एकशे पंचवीस’ : पहिलीत लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम, दुसरीत १०० आणि २५. गळती नीट रोखायला दिवसाला साधारण ७५ मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. तीन ‘एकशे दहा’ म्हणजे ३० झालं, तीन ‘एकशे पंचवीस’ म्हणजे ७५. लेव्होडोपा दोन्हीकडे ३००च. दुकानात ‘एकशे पंचवीस’ नसली म्हणून ‘एकशे दहा’ घेऊन येणाऱ्याला आठवड्याभरात मळमळ का सुरू झाली, याचं उत्तर बऱ्याचदा या बेरजेत असतं.

मग खाण्याचा प्रश्न. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्याच्या भिंतीवर आणि मेंदूच्या पडद्यावर त्याला आत घेणारं दार प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांना घेणारंच दार आहे. कुंभमेळ्याच्या गर्दीत निमाणी स्थानकावरच्या बसचं एकच दार उघडं असावं तशी ही चढाओढ. गोळी घेऊन लगेच मिसळीचं ताट पुढ्यात घेतलं, तर मटकी, बेसनाचं फरसाण आणि दही आधी चढतात, गोळी खालीच राहते. अशा दिवशी ‘आज गोळी लागलीच नाही’ असं वाटतं आणि एक जास्त घेतली जाते, ती दोन तासांनी अंगावर येते, हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात. गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर घ्यावी, पेलाभर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही. मिसळ सोडायची गरज नाही. प्रथिनं तोडून म्हाताऱ्या माणसाला हडकुळं करू नये, जड वाटा रात्रीच्या जेवणात सरकवावा, दिवसा हालचाल लागते तेव्हा भाकरी-भाजी, भात असं हलकं ठेवावं. उपासाची दाणे घातलेली खिचडीही प्रथिनाचीच, हे एकादशीला विसरलं जातं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं.

आणि घड्याळ. ही गोळी रक्तात दीड तासात निम्म्यावर येते. ७, ११, ३, ७ अशी वेळ असेल तर ११ची १२ला घेऊन चालत नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस वही ठेवावी : किती वाजता गोळी, किती वाजता काय खाल्लं, किती वाजता अंग सुटलं, किती वाजता आखडलं. त्या तीन पानांवरून मात्रा जितकी नेमकी ठरते तितकी ‘बरं नाही वाटत’ या वाक्यावरून ठरत नाही. गोळी एकाएकी बंद करू नये. तीव्र ताप, ताठरपणा, भ्रम असं जिवावर बेतू शकतं.

त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरांत वेलीवर लागणारी खाजकुइली, तिच्या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं, वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम, दोन-तीन गोळ्यांइतकं. ते चूर्ण निरुपयोगी मुळीच नाही, उलट जोरकस आहे, म्हणूनच डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीला घेणं धोक्याचं.

मला सर्वांत जास्त सल आहे ती पुढच्या गोष्टीची. डोपामिन भरपूर असूनही ते पोचू न देणारी औषधं आपल्या घराघरांत आहेत. मेंदूतले डी-२ ग्राहक, म्हणजे डोपामिन जिथे जाऊन लागतं त्या जागा, सुमारे ८० टक्के अडले की कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. मनोविकारांवरच्या काही औषधांनी हे होऊ शकतं, तिथे डॉक्टर लक्ष ठेवून असतात. पण सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये राबेप्राझोल २० मिलिग्रॅमच्या जोडीला लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम असू शकतं, याकडे कोणाचं लक्ष नसतं. ते डी-२ अडवतं. चक्करेची सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीची फ्लुनॅरिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, सगळी त्याच वाटेची. आठ-पंधरा दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी आजी-आजोबा वर्षभर चालवतात, ‘गॅसची गोळी आहे, काय होतंय’. मग चेहरा कोरा होतो, पावलं घासत पडतात, हात थरथरतात, आणि त्यावर कंपवाताची नवी गोळी सुरू होते. स्त्रियांमध्ये अवेळी दूध येणं किंवा पाळी चुकणं हाही डी-२ अडवणाऱ्या औषधांचा परिणाम असू शकतो, कारण दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला लगाम डोपामिनचाच असतो. घरात साठीपुढचं कोणी मंदावलं असेल तर आज त्यांच्या गोळ्यांचा डबा उलटा करून प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. यातलं नाव दिसलं तर डॉक्टरांना दाखवून ते थांबवता येतं का विचारा. बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतार पडतो. ज्यांना आधीच कंपवात आहे त्यांच्या फाइलवर ठळक लिहून ठेवावं : मेटोक्लोप्रामाइड नको. उलटीसाठी डॉम्पेरिडोन चालतं, ते पडदा सहसा ओलांडत नाही, पण हृदय आणि ईसीजी पाहूनच.

डोपामिनची नक्कल करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांची दुसरी बाजूही घरच्यांना माहीत हवी. २०१०मध्ये कंपवाताच्या तीन हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७ टक्के जणांत जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना आवरेनाशी झालेली होती, न घेणाऱ्यांत ७ टक्के. आयुष्यभर पत्ता न शिवलेले काका रात्री दोनला मोबाइलवर रमी खेळताना सापडले, तर आधी गोळी आठवावी, संस्कार नंतर. काकांशी भांडू नये, डॉक्टरांकडून मात्रा कमी करून घ्यावी. बऱ्याच जणांत ओढ उतरते.

द्राक्षपट्ट्यासाठी एक सांगणं. पॅराक्वॅट या तणनाशकाच्या वापराशी कंपवाताची जोखीम सुमारे अडीच पट जोडलेली अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात दिसली आहे. पंप पाठीवर घेण्याआधी लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुणं, एवढं तरी हवंच.

कंपवाताच्या पुढच्या टप्प्यात पाय अचानक जमिनीला चिकटतात, विशेषतः दाराच्या चौकटीत आणि वळताना. मागून ढकललं की माणूस पडतो, ओढलं तरी पडतो. आतली ओढ गेलेली असते, बाहेरून धक्का देऊन ती येत नाही. बाहेरून देता येते ती लय किंवा रेघ. संडास-बाथरूमच्या दारापाशी दीड-दीड फुटावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावायच्या आणि ‘रेघेवर पाय टाका’ म्हणायचं. चिकटलेला पाय उचलला जातो, कारण हालचालीचा हुकूम आता रिकाम्या झालेल्या जुन्या वाटेने न येता डोळ्यांच्या वाटेने येतो. लयही तशीच, कानांच्या वाटेने. नाशिक ढोलाचा ठोका सुरू झाला की ओट्यावर बसलेली आजी उठून चार पावलं सरळ टाकू शकते, आणि पथक कोपऱ्यावर वळून आवाज विरला की पुन्हा अडखळते. ढोल रोज आणता येत नाही. मोबाइलमध्ये मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोका देणारं ॲप, येतो. आधी एका मिनिटात माणूस किती पावलं टाकतो ती मोजायची, ८० असली तर ठोका ८०लाच लावायचा, जमलं की ८५, ८८. फोन शर्टाच्या खिशात, ठोका पडला की टाच आधी टेकवायची, आणि वळताना एका जागी गिरकी न घेता मोठं वळण घ्यायचं, रथ वळवतात तसं.